आखाजीचं पाणी

पिंगळी गावं दोन. बुद्रुक वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. खुर्द खाली, तेल्हाऱ्याच्या अंगाला. नदी मात्र एकच. ती आधी बुद्रुकला भेटते, उरलीसुरली तर खुर्दला. सगळ्या भांडणाचं मूळ एवढंच, बाप्पा, दुसरं काही नाही.

तानुबाई खुर्दची लेक, बुद्रुकची सून. तिचा नवरा उत्तमराव बुद्रुकातला बडा माळी, आणि बांधावर शब्द त्याचाच. पूर्वीचा बांध म्हणजे काय, तर दगडगोटे, चिखल आणि पळसाच्या फांद्या. दिवाळीनंतर घालायचा आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, खुर्दहून आलेल्या सुनांनी तो आपल्या हातानं फोडायचा, अशी रीत. दिवस मावळेतो जाईल तेवढं पाणी त्यांच्या माहेरचं. त्या दिवशी सुनेचा हात कोणी धरत नसे. तानुबाई दगड सरकवायची, पाणी बोटांमधून गुदगुल्या करत निघायचं आणि तिला वाटायचं, आपणच चाललो खाली, डोईवरचा पदर न सावरता, थेट मायच्या अंगणात.

पण वरचे लोक काही दूधखुळे नव्हते. त्यांनी हळूहळू खुर्दची पोरगी करणंच सोडलं. सून नाही तर हात नाही, हात नाही तर पाणी नाही! खुर्दला पोरगी देऊ नये, हे मात्र कोणाला सुचलं नाही. शेवटी खुर्दची म्हणून एकटी तानुबाई उरली. आणि मग सिमेंटचा पक्का बांध आला. त्याला लोखंडी दार, दाराला चाक, आणि चाकाची किल्ली उत्तमरावच्या कमरेला.

त्या वर्षीची आखाजी आली. खाली तिच्या भावाचा, शेषरावचा, मोगरा वाळत होता. ऐन लग्नसराईत अंजनगावच्या बाजारात त्याच्या मोगऱ्याशिवाय पान हलत नसे. आता मुळंच जळू लागली होती. तानुबाई हळदकुंकू घेऊन बांधावर गेली आणि म्हणाली, "दार उघडा जी. आज आखाजी हाय."

उत्तमराव माणूस वाईट नव्हता. पण वर बसलेल्याला अक्कल जरा जास्तच फुटते. चार माणसांसमोर तो हसून म्हणाला, "रीत काय हाय? हातानं फोडायची. फोड नं मंग! कोण अडवते तुले?"

माणसं खोखो हसली. तानुबाईनं हात ठेवला तर सिमेंट तव्यासारखं तापलेलं. अस्सा संताप आला तिला! पण ती घरी गेली नाही. बांधाच्या सावलीत, भिंतीला कान लावून बसली. पलीकडे पाणी कुजबुजत होतं. ऐकता ऐकता डोळा लागला आणि बांध कापसाचा झाला. ती त्यातून अलगद आरपार गेली, वाळूवरून वाहत निघाली. वाटेत बाभळी वाकून तिला विचारत होत्या, तानू, कवा आलीस वं? मोगऱ्याच्या वाफ्यात ती शिरली आणि कळ्या पाण्यावर तरंगू लागल्या. जाग आली तेव्हा गाल सिमेंटला चिकटला होता आणि तोंड कोरडं पडलं होतं.

आठवडाभरात शेषराव आला तो भाचीला मागणी घालायला. तानुबाईची लेक जयवंता लग्नाची झाली होती, आणि त्यांच्यात भाचीवर मामाच्या पोराचा पहिला हक्क मानत. शेषरावच्या सहदेवला ती मनातून पसंत करून बसली होती, हे घरात कोणाला ठाऊक नव्हतं? पाहुण्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन ती बाहेर आली, तोच उत्तमराव कडाडला, "कोरड्या गावात पोरगी देऊ? घागर घेऊन कोसभर हिंडवू तिले? तुह्या गावात पाणी कुठं हाय, शेषराव?"

शेषराव नुसता तांब्याकडे पाहत राहिला. आपण काय बोललो, ते उत्तमरावला बोलून झाल्यावर कळलं. तानुबाई हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली.

"कुठं हाय म्हून इचारता? तुमच्या दाराआड हाय!"

जयवंतानं तांब्या मामाच्या हाती दिला. "मी जाईन, बाबा. तिथल्या बायका जे पेतात, तेच मी पेईन. नसलं तं नसलं."

लग्न झालं. खाली जायची वाट कोरड्या नदीतूनच. छकडा वाळूत उतरला, बैलांच्या घंटा वाजू लागल्या, उन्हात सारं थरथरत होतं आणि जयवंताचा हिरवा शालू त्यात विरघळत चालला होता. तानुबाई बांधावर उभी राहून पाहत होती. एवढ्यात पायाखालचा बांध थरारला. पाण्याची एक जीभ वाळू चाटत छकड्यामागे निघाली. आधी चाकोरी भरली, मग बैलांचे खूर. खाली जयवंतानं वळून पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. पाणी तिला गाठून पुढं गेलं, खुर्दकडे.

दाराच्या चाकाशी उत्तमराव घामाघूम होऊन उभा होता. लहान पोरासारखा रडत होता तो.

"राहू द्या आता उघडं," तानुबाई म्हणाली.

"राहू देतो. लेक हाय तिथं माही."

तानुबाईला बरं वाटलं, फार बरं वाटलं. आणि त्याच घटकेला आत काहीतरी तुटलं. सारा जन्म तिनं या माणसाच्या चुलीपुढं काढला होता.

"मी बी तिथलीच होतो नं जी," ती म्हणाली. "माह्यासाठी नाई उघडलं कधी?"

उत्तमरावनं उपरण्यानं डोळे पुसले. खरंच कोडं पडल्यासारखा तो तिच्याकडे पाहत राहिला.

"तुले तं आणलं होतं, तानू," तो म्हणाला. "हिले धाडलं."