काजीच्या सहा बुड्या

मित्रांनो, मी एक जुना वाडगा आहे. तांब्याचा, ओंजळीएवढा, आणि बुडाला भोक असलेला. भोक असलेला वाडगा म्हणजे मोडीत काढायची वस्तू, असे तुम्हाला वाटेल. पण मी भोक घेऊनच जन्माला आलो. साठ वर्षे वाळवंटातल्या ऐन तगरा नावाच्या गावाने माझ्यापेक्षा माझ्या भोकावरच जास्त विश्वास ठेवला.

कासाराने मला ठोकून घडवले आणि बारीक सुईने भोक पाडले. मग गावातल्या जुन्या वाडग्याशेजारी मला पाण्यात सोडले. तो आधी बुडाला, मी मागे राहिलो. कासाराने भोक केसभर वाढवले. असे सात वेळा झाले आणि आठव्या वेळी आम्ही दोघे एकदमच तळाला गेलो. त्या दिवशी जुना वाडगा निवृत्त झाला.

ऐन तगराला एकच झरा. त्याचे पाणी पाटाने खजुराच्या बागांना जायचे आणि प्रत्येक बागेची पाळी आठ दिवसांनी यायची. पाटाच्या तोंडाशी एक दगडी कुंडी होती. तिच्यात मला रिकामा सोडायचे. भोकातून पाणी चढत चढत मी भरायचो आणि बुडायचो. ती झाली एक बुडी. कोणाच्या बागेला पाच बुड्यांएवढा वेळ पाणी, कोणाच्या अकरा. पाणी वाटून देणारे पाणके जल्लूलकाका प्रत्येक बुडीला खजुराच्या पातीला एक गाठ मारायचे. पाण्यात चुना फार, म्हणून ते रोज सकाळी खजुराच्या काट्याने माझे भोक साफ करायचे. ते काटा फिरवायचे तेव्हा मला गुदगुल्या व्हायच्या. आजही ती सकाळ आठवली की जीव कासावीस होतो.

आता काजींबद्दल सांगतो. काजी म्हणजे गावचे न्यायाधीश. आमच्या काजींचे नाव तिजानी. उंच, किडकिडीत, आणि रागावले की उलट हळू बोलणारे. त्यांना पगार नाण्यांत नव्हता, पाण्यात होता. त्यांच्या बागेला सहा बुड्या. तेवढ्यात त्यांच्या चाळीस झाडांनी जगायचे आणि त्या झाडांवर काजींच्या घराने.

हा पगार वाढवायचा की नाही, हे पाच मोठ्या घराण्यांचे कारभारी ठरवायचे. वसंतात खजुराच्या फुलांवर पराग बांधून झाले की गावातल्या तुतीच्या झाडाखाली बैठक बसे. काजींनी स्वतःसाठी काही मागायचे नाही, अशी रीत होती. पाणक्याने तीनदा विचारायचे, "काजींच्या पाण्याचं काय?" पाचही जण हो म्हणाले तर वाढ. एक जरी गप्प बसला तरी जैसे थे.

त्या वर्षांत झरा उतरू लागला होता. बुड्या तेवढ्याच, पण पाटात पाणी कमी. काजींच्या बागेत पाणी शेवटच्या ओळीच्या अलीकडेच जिरून जायचे. आणि शेवटच्या ओळीत हद्दाचे झाड होते. हद्दा म्हणजे काजींची एकुलती एक मुलगी. तिच्या जन्माच्या दिवशी लावलेले ते झाड. ती लग्न होऊन चार दिवसांच्या वाटेवर गेली होती आणि वर्षातून एकदाच, त्या झाडाचा खजूर उतरवायला, माहेरी यायची. काजी वर्षभर त्या एका आठवड्याची वाट बघत. मीही बघायचो, कारण ती आली की आधी कुंडीपाशी येऊन मला टिचकी मारायची.

बैठकीला दोन आठवडे होते आणि काजींपुढे एक खटला आला. हाजी लारबी हे पाचातले सर्वांत मोठे बागाईतदार. मबरूका या विधवेच्या वाट्यातल्या दोन बुड्या ते वर्षभर वापरत होते. निकालाच्या आदल्या दिवशी हाजी कुंडीपाशी काजींना भेटले.

"काजीसाहेब, तुमची बाग बघवत नाही हो. यंदा तीन बुड्या वाढवायचं माझ्या मनात आहे."

"मनातच असू द्या, हाजी," काजी अगदी हळू म्हणाले. "उद्यापर्यंत तरी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मबरूकाला तिच्या दोन्ही बुड्या परत दिल्या.

बैठक बसली. जल्लूलकाकांनी विचारले, "काजींच्या पाण्याचं काय?" हाजी दाढी कुरवाळत राहिले. काकांनी पुन्हा विचारले. बाकीचे चौघे हाजींच्या तोंडाकडे बघत मूग गिळून बसले. तिसऱ्यांदा विचारताना काकांचा आवाज चिरकला.

"काय रे जल्लूल, घसा बसला का?" हाजी म्हणाले. "पाणी पी जा. तुझ्याकडे पुष्कळ आहे."

सगळे हसले. वाढ झाली नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळची पहिली पाळी काजींची होती. काकांनी काटा हातात घेतला, माझ्याकडे पाहिले आणि काटा परत कमरेला खोचला. मी चुना साचलेल्या भोकानेच पाण्यात उतरलो. पाणी आत यायला वेळ लागला. मी सावकाश बुडालो आणि तोवर पाट काजींच्याच बागेत वाहत राहिला. काजींच्या सहा बुड्या झाल्यावर काकांनी मला गुपचूप साफ केले आणि पुढच्यांसाठी सोडले. त्या दिवशी पाणी हद्दाच्या झाडापर्यंत पोचले. मित्रांनो, खोटे कशाला सांगू, मला आनंद झाला. असे पाच गुरुवार चालले.

सहाव्या गुरुवारच्या आदल्या दिवशी मबरूका काजींच्या दारात उभी राहिली.

"काजीसाहेब, हाजीनं पुन्हा कापलं बघा! दिवस मोठे होताहेत आणि माझं पाणी लहान. माझी शेवटची बुडी पुरी व्हायच्या आत सूर्यास्ताची, मगरिबची बांग होते आणि पाणी गावच्या हौदाकडे वळवतात."

गुरुवारची शेवटची पाळी तिचीच होती.

काजी दुसऱ्या दिवशी पहाटेच कुंडीशी येऊन बसले. कुराणातली एक सुरा चार वेळा म्हणून होईतो मी बुडतो, हे त्यांना ठाऊक होते. पहिल्या, म्हणजे स्वतःच्याच पाळीला त्यांनी डोळे मिटून ती म्हणायला सुरुवात केली.   चार झाल्या. मी अजून तरंगत होतो. पाचवी अर्धी झाली तेव्हा कुठे मी तळ गाठला.

काजींनी डोळे उघडले. "जल्लूल, तू काय केलंस?"

"मी? मी काहीच केलं नाही!"

"तेच तर. काटा फिरवायचा होता, तो फिरवला नाहीस."

काकांना रडू आले. "त्यांनी नाही दिलं, म्हणून मी दिलं. गुन्हा झाला का? हद्दा आमच्याही अंगाखांद्यावर खेळली आहे, काजीसाहेब! तिचं झाड डोळ्यांदेखत वाळताना बघू?"

"तू तुझ्या पदरचं दिलं नाहीस, वेड्या. त्या बाईचं दिलंस." काजी उठून काकांपुढे आले. "आणि तुझ्या पदरचं असतं तरी घेतलं नसतं. उद्या तुझा भाऊ माझ्यासमोर उभा राहिला, तर मी त्याच्याकडे बघू की तू दिलेल्या पाण्याकडे? मी हाजीचं नाकारलं आणि तुझं प्यायलो. नकळत का होईना, प्यायलोच ना?"

मग त्यांनी काकांच्या कमरेचा काटा काढला आणि स्वतःच्या हाताने माझे भोक साफ केले.  रीतीप्रमाणे काजींनी मला शिवायचे नसते. त्यांनी मला धरले ते तेवढ्या एकाच वेळी.

त्याच दुपारी त्यांनी स्वतःविरुद्ध निकाल दिला. पाच गुरुवार त्यांनी आपल्या सहातली एक बुडी मबरूकाला द्यायची. ती "नको, नको" म्हणत राहिली, पण काजी ऐकेनात. नेमके ते उन्हाळ्याचे पाच गुरुवार होते. हद्दाच्या झाडावरचे घोस हिरवे असतानाच सुरकुतले आणि गळून पडले.

शरदात हद्दा आली. झाडाखाली उभी राहून बराच वेळ वर बघत होती.

"बाबा, यंदा काहीच नाही?"

"नाही गं, बाय."

"मग मी कशाला आले?"

त्या बोलण्याने काजींचा चेहरा एवढासा झाला. तिने ते पाहिले आणि त्यांच्या खांद्यावर डोके टेकले. "बापाला बघायला आले, अजून कशाला?" जाताना तिने त्या झाडाच्या काथ्याची एक दोरी वळली आणि मला टांगायला काकांना दिली. टिचकी मात्र मारली नाही. विसरली असेल.

पुढच्या वसंतात तुतीखाली बैठक बसली तेव्हा काका विचारायच्या आधीच काजी उभे राहिले. रीत मोडली म्हणून कुजबूज झाली.

"माझ्यासाठी मागत नाही," ते म्हणाले. "माझ्या मागून जो येईल, त्याचं पाणी तो यायच्या आधीच ठरवा. कोण येणार हे ठाऊक नसताना ठरवा. एकदा ठरलं की तो असेतोवर कोणी वाढवायचं नाही आणि कोणी कापायचंही नाही. झरा उतरला तर सगळ्यांचं सारखंच उतरेल."

"आणि तुमचं?" हाजींनी विचारले.

"माझं सहा."

 मग बायकांच्या बाजूने मबरूकाचा आवाज आला, "नऊ करा. नऊ बुड्यांत चाळीस झाडं जगतात." हाजींनी मान खाली घातली आणि म्हणाले, "लिहा, नऊ." बाकीचे चौघे लगेच हो म्हणाले.

तिजानी काजी आणखी सात वर्षे सहा बुड्यांवरच राहिले. हद्दाचे झाड तिसऱ्या उन्हाळ्यात वाळले. हद्दा तरी येत राहिली, वडील गेले त्या वर्षापर्यंत. नऊ बुड्या मी पहिल्यांदा मोजल्या त्या नव्या काजींसाठी, आणि प्रत्येक बुडीला मला जुन्यांचीच आठवण येत होती.

पुढे पंप आले, घड्याळे आली. काजींचा पगार आता दूरच्या शहरातून कागदावर येतो. तिथे तो कोण ठरवते आणि ठरवताना कोण गप्प बसते, मला माहीत नाही. मी गावच्या शाळेच्या भिंतीवर हद्दाच्या दोरीने टांगलेला आहे. सणाआधी कोणीतरी मला राख-लिंबाने घासते आणि पाहुणे म्हणतात, "काय लखलखतोय!" भोकाकडे कोणीच बघत नाही. ते चुन्याने बुजले आहे. आज मला पाण्यात सोडलेत तर मी नुसता तरंगत राहीन.

म्हणून मित्रांनो, एक मागणे आहे. मला घासू नका. एक काटा आणा आणि माझे भोक मोकळे करा. मग गुरुवारी सकाळी मला कुंडीत सोडा आणि म्हणा, ही काजी तिजानींची पाळी. ते पाच गुरुवार मी त्यांच्यासाठी उशिरा बुडालो आणि त्यात सुख मानले. मला एकदा, फक्त एकदा, त्यांच्या पाळीला वेळेवर बुडायचे आहे.