कापायचा राहिलेला दोर

मी दोर बोलतोय. विहिरीवरचा नाही, गुरं बांधायचा नाही, आणि कपडे वाळत घालायचा तर नाहीच नाही. मी कड्यावरचा दोर. रंग निळा, मधून एक पिवळी रेघ, जाडी करंगळीएवढी. माणसं माझ्यावर आपला जीव टांगत आणि मी तो खाली पडू देत नसे. कामाबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. तक्रार आहे ती काम संपल्यावर माझं जे करून ठेवलं त्याची.

एका लांबलचक शेडमध्ये, यंत्रांच्या खडखडाटात माझा जन्म झाला. आधी पांढऱ्या धाग्यांचे पीळ घातले, ते एकत्र धरले आणि त्यांच्यावरून रंगीत धाग्यांचा अंगरखा विणला. आतले पांढरे पीळ म्हणजे माझा जीव. ताण सगळा ते घेतात, झटका ते पचवतात. अंगरखा नुसती राखण करतो. पण लोकांना दिसतो तो अंगरखाच, आणि तो झकास असला की आतल्याची चौकशी कोण करतो? माझ्याच रिळावरच्या एका भावाला तिथे वजनं टाकून टाकून तोडलं, तो किती सोसतो ते बघायला. शेवटच्या वजनापर्यंत त्याचा अंगरखा अगदी नवाकोरा दिसत होता. आतून मात्र तो केव्हाच गेला होता बिचारा.

मला विकत घेतलं मास्तरांनी. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. सुट्टीच्या दिवशी हौशी माणसांना कड्यावर चढवायचं आणि धडपणी खाली आणायचं, हा त्यांचा धंदा. तोंड भलतं तिखट. दोरावर कुणाचा बूट पडला की विचारायचे, "तुमच्या छातीवर पाय दिला तर चालेल का?" काम आटोपलं की मला मांडीवर घेऊन, डोळे मिटून, टोकापासून टोकापर्यंत बोटांनी चाचपायचे. एखादा दोर कुठे मऊ लागला, चेपला, की त्याच दिवशी सगळ्यांसमोर सुरीने त्याचे तुकडे. अख्खा दोर नजरेला पडला की कुणीतरी तो वापरतोच, असं त्यांचं म्हणणं. माझे दोन-तीन थोरले असे गेले. वाईट वाटायचं, पण पटायचं.

मग एक दिवस ताई आली. वयाने चाळिशीच्या आसपास, कपड्यांच्या दुकानात शिवणकाम करणारी. नवरा नव्हता, एक लेक होती. ताईचे वडील उंच इमारतींना बाहेरून रंग द्यायचे. ती लहान असताना त्यांचा डबा घेऊन गेली, आणि तिच्या डोळ्यांदेखत ते फळीवरून खाली आले. तेव्हापासून उंचीचं नाव काढलं तरी तिच्या तोंडचं पाणी पळायचं. ती पादचारी पूल चढत नसे, सगळा वळसा घालून रस्ता ओलांडायची. लेकीचा वर्ग शाळेच्या वरच्या मजल्यावर होता, तो तिने कधी पाहिला नाही. बाईच खाली यायच्या आणि जिन्यापाशी उभ्या राहून मुलीची प्रगती सांगायच्या. लेक एकदा रागाच्या भरात म्हणाली, "तू कायम खालीच उभी असतेस." तो शब्द ताईच्या जिव्हारी लागला, आणि म्हणून ती आली.

पहिल्या दिवशी कड्याच्या काठावर तिची अशी पाचावर धारण बसली की बोलायची सोय नव्हती. तिला उलटी झाली. दुसऱ्या खेपेलाही झाली. आता ही बाई पुन्हा दिसायची नाही असं मला वाटलं, पण ती येत राहिली. कमरेला पट्टा बांधला की मला घट्ट धरायची आणि पुटपुटायची, "तू आहेस ना?"

मास्तरांनी ते एकदा ऐकलं. कुणाला विचारता ताई, मला का दोराला, म्हणाले. ती म्हणाली, देवाला. "मग बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "देवाला खुशाल विचारा. गाठ तेवढी मी बघतो."

खरं सांगतो, माझा मात्र समज झाला होता की ती मलाच विचारते. आणि मी आपला मनातल्या मनात म्हणायचो, आहे, आहे. एवढा जीव लावून मला कुणी धरलं नव्हतं. हळूहळू ती मला धरून काठावरून खाली उतरायला शिकली. उतरता यायला लागल्यावर तिने चढायचं मनावर घेतलं. एका सुट्टीला लेकीलाही बरोबर घेऊन आली. आता बघ म्हणाली, आई कुठे उभी असते ते.

तो दिवस मला नको वाटतो.

चढताना दोर माणसाच्या मागोमाग वर जातो. खडकात ठोकलेल्या लोखंडी कड्यांमधून त्याला अडकवत अडकवत जायचं असतं. खाली मास्तरांनी मला धरलं होतं, शेजारी लेक मान वर करून उभी होती. ताई शेवटच्या कडीच्या बरीच वर गेली, आणि तिच्या हातातला दगडच निखळला. ती पडली. कड्याच्या एका धारदार कोपऱ्यावरून मी करकरत घासलो, सगळा झटका तिथेच बसला, आणि आतून काहीतरी तट् तट् तुटत गेलेलं मला कळलं. पण मी धरून ठेवलं. खालच्या कातळापासून हातभर अंतरावर ती लोंबकळत राहिली. खरचटलं, मनगट मुरगळलं, बाकी काही नाही. जिवावरचं मनगटावर निभावलं.

लोक जमले. देव तारी त्याला कोण मारी, काळ आला होता पण वेळ आली नव्हती, जो तो बोलून गेला. लेक मात्र ज्या जागी उभी होती तिथेच, तशीच, मान वर करून उभी होती. तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

मास्तरांनी मला मांडीवर घेतलं. त्यांची बोटं सरकत सरकत त्या जागेवर आली आणि थांबली. त्यांनी ताईचा हात धरून तिथे टेकवला. "इथे गेला हा," म्हणाले. आणि सुरी काढली.

ताईने त्यांचा हात पकडला. ह्याच्यामुळे मी जिवंत आहे, माझ्या देखत ह्याला कापू नका, मी ह्याला घरी नेते, ह्यावर पुन्हा कधी लटकणार नाही, असं रडत रडत सांगत राहिली. मास्तरांनी आजवर कुणाचं ऐकलं नव्हतं. पण तिला वर जा, वर जा म्हणून त्यांनीच चेव आणला होता, आणि ते त्यांना टोचत असावं. त्यांनी सुरी मिटली. त्या मऊ जागेवर लाल चिकटपट्टी गुंडाळली आणि मला तिच्या हवाली केलं. एवढा कडक माणूस, पण नेमका नको तिथे विरघळला.

घरी ताई जिथे हात जोडायची त्या फळीवर तिने मला वेटोळं करून ठेवलं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला एकाच घावात मिळालं. रोज सकाळी कामाला निघताना ती माझ्यावर हात ठेवायची. थोड्या दिवसांनी लाल पट्टीही सोलून काढली. आजाऱ्याला बांधल्यासारखी दिसते म्हणे. दुकानात कपडा उलटा करून आतली शिवण बघितल्याखेरीज गिऱ्हाइकाच्या हातात न देणारी ही बाई! मला वाटायचं, अगं, मलाही एकदा उलटा करून बघ.

ती मास्तरांकडे पुन्हा गेली तेव्हा दुसरा दोर हातात धरवेना. तोच दोर हवा म्हणाली. मास्तर चिडले. विश्वास देवावर ठेवा, दोर मात्र रोज तपासा, दोघांची गल्लत करू नका, असं त्यांनी सुनावलं. ताईला ते लागलं. तिने जाणं सोडलं. पुढे मास्तरांचे गुडघे गेले, ते काम बंद करून मुलाकडे राहायला गेले, आणि मला ओळखणारं शेवटचं माणूस दूर झालं.

इकडे लेक मोठी झाली. त्या दिवशी कड्याखाली उभी राहून तिने जे पाहिलं ते तिच्यातून गेलंच नाही. ती गॅलरीत जात नसे. जिना चढताना भिंतीला चिकटून चढायची. शिक्षण झालं, चांगली नोकरी चालून आली, पण ऑफिस उंच इमारतीत. लिफ्टपर्यंत गेली आणि परत आली. ताईच्या काळजाला घरं पडली. आपली भीती आपण टाकली आणि पोरीने ती उचलली, हे तिला उघड दिसत होतं. तिने ठरवलं, जसे आपण बरे झालो तशीच हिला बरी करायची. त्याच कड्यावर. आणि माझ्याच भरवशावर.

तिने मला फळीवरून उचललं तेव्हा माझी बोबडी वळली. दोराला बोबडी कुठली म्हणाल, पण वळली. रस्ताभर पिशवीत मी एकच घोकत होतो, मला काप, मला काप. बडा घर पोकळ वासा म्हणतात तसा मी झालो होतो, आणि ही बाई त्या वाशाला आपलं एकुलतं एक लेकरू टांगायला निघाली होती.

कड्याच्या माथ्यावर तिने मला एका दांडग्या झाडाला बांधलं. गाठ अगदी मास्तरांनी शिकवलेली, बिनचूक. लेकीला पट्टा बांधला. ह्याने मला वाचवलं, हा तुलाही सांभाळेल, तू फक्त विश्वास ठेव, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. लेकीला खाली बघवत नव्हतं, म्हणून ती माझ्याकडे बघत राहिली. हाताला चाळा म्हणून मला चाचपत राहिली. आणि तिची बोटं त्या जागेवर आली. तिने मला तिथे वाकवलं. मी कागदासारखा दुमडलो.

"आई, हा इथे मोडतोय."

"माहीत आहे मला," ताई म्हणाली. "तिथेच तर मी वाचले. ती जागा देवाची आहे."

"तुला माहीत होतं?"

लेकीने पट्टा सोडला, खाली ठेवला, आणि पायवाटेने एकटी निघून गेली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

मग ताईने तो पट्टा स्वतःच्या कमरेला बांधला. लेकीला दाखवून द्यायचं होतं, का देवाला, देव जाणे. ती काठावर आली. पाठ दरीकडे केली. मला धरलं आणि विचारलं, "तू आहेस ना?"

ह्या खेपेला मला चांगलं ठाऊक होतं की ती मला विचारत नाही. तरी मी ओरडलो, नाही, नाही, मी नाही. दोराचं ओरडणं कोण ऐकतं? ती मागे झुकायला लागली. आणि इतक्या वर्षांनी तिची जुनी भीती जशीच्या तशी परत आली. ती काठावरून गुडघ्यांवर रांगत मागे सरकली, झाडाला मिठी मारून बसली आणि पोरीसारखी रडली. जिला हाकलण्यासाठी तिने इतका आटापिटा केला त्या भीतीनेच तिला वाचवलं. पायवाटही तिला चालवेना. बसून, घसरत घसरत ती खाली उतरली.

त्यानंतर घरात बोलणंच खुंटलं. लेक जेवायची, उठायची, आपल्या खोलीत जायची. तुला माहीत होतं, एवढंच दोघींच्या मध्ये येऊन बसलं होतं. मी पिशवीतच दाराआड पडून होतो. ताईने मला फळीवर ठेवलं नाही, आणि फळीपाशी हात जोडायलाही ती उभी राहत नव्हती.

परवा दुपारी तिने मला बाहेर काढलं. मांडीवर घेतलं, शिवणाची मोठी कात्री घेतली आणि त्या मऊ जागी अंगरखा उभा चिरला. आतले पीळ बाहेर आले. बहुतेक तुटलेले, टोकं पिंजलेली, आणि सोबत पांढरा भुगा. दोन-चार धागे तेवढे सलग होते. सगळं आयुष्य सुतात काढलेल्या बाईला ते समजावून सांगावं लागलं नाही. तिच्या हातातून कात्री गळून पडली. लेक खोलीतून बाहेर आली.

ताई म्हणाली, "ह्याच्यावर मी तुला सोडणार होते गं." आणि मग, "मी देवाला ह्याच्यात शोधत बसले. तो तर तुझ्या बोटांत होता."

माफ केलं असं लेक म्हणाली नाही. ती समोर बसली, माझं दुसरं टोक उचललं आणि ताणून धरलं, म्हणजे आईला कापायला सोपं जावं. ताई कात्री उचलून कापत गेली. लेक दर खेपेला पुढे सरकून मला पुन्हा ताणून धरत होती. शेवटचा तुकडा दोघींच्या हातात वीतभर राहिला, तेव्हा दोघींचे गुडघे एकमेकींना लागलेले होते.

आता मी एका पोत्यात आहे, तुकडे तुकडे. उद्या कचऱ्याच्या गाडीत जाईन. रडू नका माझ्यासाठी, हे फार आधी व्हायला हवं होतं. एकच मागणं आहे. तुमच्या घरात माझ्यासारखं काही असेल, एकदा वेळेला उपयोगी पडलेलं आणि वरून अजून धडधाकट दिसणारं, तर त्याचे उपकार माना, हवं तर त्याच्यापुढे डोकं टेका. पण लेकराला त्याच्यावर टांगू नका.