तपासला की तपासून झाला

इंदापूरजवळच्या एका कारखान्यात करुणाताईंनी एकोणतीस वर्षं रशियन कागदांचं इंग्रजी केलं होतं. भाषा त्या पुण्यात शिकल्या. रशिया कधी पाहिला नाही. म्हणून जुन्या रशियन मशीनच्या दुरुस्तीला तिकडून दोन इंजिनिअर आले, तेव्हा साहेबांनी बारामतीची जास्मिन बोलावली. ती रशियात सहा वर्षं डॉक्टरकी शिकून आलेली.

पोरगी त्यांच्याशी शेजाऱ्याशी बोलावं तशी बोलायची, ते खदखदून हसायचे. करुणाताईंच्या रशियनला आजवर कुणी हसलं नव्हतं, कारण ती कुणी ऐकलीच नव्हती. त्यांच्या पोटात दुखायचं.

बुधवारी इंजिनिअरांनी अहवाल दिला आणि ते गेस्ट हाउसवर जेवायला गेले. जास्मिननं तासाभरात त्याचं इंग्रजी करून टाकलं. ते वाचून साहेबांनी तीन वाजता मशीन सुरू करायचं ठरवलं.

फाइलला लावायची प्रत करुणाताईंकडे आली. मूळ कागद शेजारी ठेवून वाचताना त्या सातव्या ओळीवर थांबल्या. जास्मिननं लिहिलं होतं, सेफ्टी व्हॉल्व्ह तपासला. मुळात क्रियापद होतं 'प्रोवेर्याली'. काम पुरं झालं असतं तर 'प्रोवेरिली' आलं असतं. 'तपासत होते' आणि 'तपासून झालं' यांना रशियनमध्ये वेगळी क्रियापदं. इंग्रजीत दोन्ही एकाच शब्दात बुडाली होती. तपासून झालंही असेल, पण कागद तसं म्हणत नव्हता.

होऊ दे तिची फजिती, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते बरंही वाटलं. त्यांनी डबा उघडला. सावकाश जेवल्या. हात धुवायला बाहेर आल्या, तर सूरज फिटर हातमोजे चढवत मशीनकडे निघालेला.

"ताई, तिनाला चालू करायचं हाय," तो म्हणाला.

त्या तशाच ओल्या हातांनी जास्मिनकडे गेल्या. "ही सातवी ओळ बघ. तपासत होते, की तपासून झालं?"

जास्मिननं वाचलं. तिचा चेहरा उतरला. "बोलताना हे कानाला कळतं, मॅडम. लिहिताना सुटलं." तिनं लगेच गेस्ट हाउसला फोन लावला. तपासणी अर्धीच झाली होती, व्हॉल्व्हची स्प्रिंग बदलायची राहिली होती. मशीन सुरू करणं थांबवलं.

साहेब आले. "शाब्बास, जास्मिन."

"मी नाही सर. मॅडमनी धरलं."

"केव्हा लक्षात आलं, ताई?"

"आत्ताच," करुणाताई म्हणाल्या.

संध्याकाळी थोरला रशियन आला आणि त्यांचा हात हातात घेऊन भरभर बोलला. शब्द ओळखीचे वाटत होते, पण कानात ठरेनात. त्यांनी जास्मिनकडे पाहिलं.

"म्हणतात, इतकं बारकाईनं वाचणारं कुणी भेटलं नव्हतं."

तो त्याहून बरंच जास्त बोलला होता. बाकीचं तिला विचारायचं करुणाताईंच्या जिवावर आलं.