उंदराला जीवदान, चिचुंद्रीला वहाण

मी एक म्हातारी चिचुंद्री आहे. उंदीर नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकते, कारण एवढी एक गोष्ट न समजल्यामुळे माणसांनी माझा संसार चेचला. तो राग अजून माझ्या पोटातून गेलेला नाही.

माझा जन्म लातूरच्या बाजारात, मलप्पांच्या ज्वारीच्या गोदामात झाला. लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. नव्या कचेऱ्यांना रंग लागत होता आणि नळाला पाणी नव्हते. दुष्काळात शेतात दाणा उरला नाही, तेव्हा शिवारातले झाडून सगळे उंदीर गोदामात मुक्कामाला आले. ते पोती कुरतडत, ज्वारी फस्त करत. मी ज्वारीला कधी तोंड लावले नाही. झुरळे आणि किडे हेच माझे जेवण. म्हणजे चोर ते आणि राखणदार मी.

पण न्याय बघा. मलप्पा मोठे शिवभक्त. पिंजऱ्यात उंदीर सापडला की हात जोडायचे. गणपतीचे वाहन, त्याला मारायचे कसे? मग पिंजरा गावाबाहेर नेऊन उघडायचा. उंदीर दिवेलागणीला परत हजर. मी दिसले की मात्र तेच मलप्पा नाक दाबून वहाण उचलायचे. भ्याले की माझ्या अंगाला वास सुटतो. वहाण बघून कोण भिणार नाही?

एके दिवशी हमालांनी माझ्या आडोशाची पोती गाडीत भरली. मी पिल्लांना घेऊन निघाले. आमची रीत अशी, की पहिले पिल्लू आईला शेपटीपाशी धरते, दुसरे पहिल्याला, आणि अशी रांग करून भिंतीकडेने जायचे. माझ्यामागे चार पिल्ले होती. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे महेबूब सर ज्वारी घ्यायला आले होते, ते कौतुकाने वाकून बघू लागले.

"नासका उंदीर हाय हा. ह्याला मारल्याचं पाप न्हाई," मलप्पा म्हणाले आणि वहाण पडली. मागची ओढ एकदम हलकी झाली. शेवटचे पिल्लू गेले होते.

वहाण पुन्हा वर गेली. सरांनी मलप्पांचा हात धरला.

"थांबा मलप्पाशेट. ही उंदराची जातच न्हाई. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतेत, म्हणून तो कुरतडतो. खार, सायाळ ही त्याची भावकी. उडती खार झाडावरनं झाडावर तरंगत जाती, म्हणून काय ती पाखरू झाली? तीबी त्याच भावकीतली. हिचे दात बारीक, टोकदार, किडे खायचे. गोतानं बघितलं तर ही उंदरापेक्षा गाईला जवळची हाय."

"गाईला? मग उंदीर कुणाचा?"

"तो तुमच्या-माझ्या बाजूचा. लांबचा भाऊ."

हमाल हसले. मलप्पांनी गुपचूप वहाण पायात घातली. त्या दिवसापासून गोदामात माझ्यावर कुणी हात उचलला नाही. उलट मी दिसले की मलप्पा हात जोडू लागले. मला त्या नमस्काराची चीड येते. गाय माझ्या गोतातली निघाली नसती, तर माझ्या पिल्लाचा जीव हा जीव नव्हता का?

उरलेली तीन पिल्ले मोठी होऊन पांगली. मी अजून भिंतीकडेनेच जाते आणि तुमच्या घरातली झुरळे खाते. मित्रांनो, मला तुमचा नमस्कार नको. पायातली वहाण तेवढी पायातच राहू द्या.