बिट्टीचे जंगल आणि मी

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. गेम खेळण्यासाठीच जन्माला आलो, म्हणून अंगाने जरा आडदांड. आज मी टेबलावर ऐटीत बसलो आहे खरा. पण मागच्याच महिन्यात मला विकण्याची जाहिरात लागली होती.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. एका शिंप्याच्या धाकट्या भावाने एकेक भाग गोळा करून मला जोडले. दोन दिवस घरातली माणसे ताटे मांडीवर घेऊन जेवली. माझ्या पोटात त्याने एक जाडजूड कार्ड बसवले. चित्रे काढणे एवढेच त्याचे काम. पहिल्यांदा बटण दाबले आणि त्या कार्डाने पडद्यावर अख्खा समुद्र उभा केला. पाणी म्हणजे माझा वैरी, त्याचा थेंबही मला चालत नाही. तरी एवढा समुद्र माझ्यातून निघाला! मी स्वतःच थक्क झालो. "काय मशीन आहे राव!" असे भावाचे मित्र म्हणाले, तेव्हा माझे पंखे जरा जास्तच जोरात फिरले.

पुढे तो नोकरीसाठी दूर गेला आणि जाताना मला पुतणीच्या हवाली करून गेला. तिला सगळे बिट्टी म्हणतात. वय तेरा. मला वाटले, आता रोज शर्यती आणि हाणामाऱ्या. पण हिने स्वतःचाच खेळ बनवायला घेतला. त्यात हाणामारी नव्हतीच. एक जंगल होते, आणि त्यात हरवलेल्या कासवाला ओढ्यापर्यंत पोहोचवायचे होते.

मित्रांनो, मी एका क्षणात कोट्यवधी गणिते करतो, पण त्या मुलीसारखे बघणे मला जन्मात जमणार नाही. एका पानासाठी तिने तीन आठवडे घेतले. खरे पान माझ्याशेजारी ठेवून ते वाळताना कडा कुठून वळतात, हे ती रोज बघायची. झाड खालून कसे दिसते ते कळावे म्हणून शाळेच्या मैदानात उताणी पडली आणि केसांत माती घेऊन घरी आली. बघता बघता हजारावर झाडे झाली, आणि प्रत्येकाचे पान आपापल्या वेळी गळायचे. एवढ्याशा डोक्यात एवढे जंगल मावते कसे, याचे मला आजही नवल वाटते.

मग घराला रंग द्यायचा ठरला. मला स्वयंपाकघरात हलवले. रंग वाळल्यावर, बिट्टी शाळेत असताना, तिच्या बाबांनी मला जागेवर आणून सगळ्या वायरी स्वतः जोडल्या. पडद्याची वायर जाईल अशा दोन जागा माझ्या पाठीवर आहेत. खालची त्या कार्डाची. वरची माझ्या मुख्य बोर्डाची, आणि त्याला जेमतेम कामचलाऊ चित्र जमते. बाबा पडले शिंपी! वरचे बटण वरच्या काजात, हे हातात भिनलेले. त्यांनी वायर वरच्या जागी नीट बसवली आणि मला प्रेमाने थोपटले.

त्या दिवसापासून जंगल अडखळू लागले. कासव एक पाऊल टाकायचे आणि थिजायचे. गळणारे पान हवेतच लटकून राहायचे. कार्ड बिचारे हातावर हात ठेवून बसलेले, आणि मला तोंड नाही. ओरडून सांगावेसे वाटायचे, पण पंख्यांची घरघर वाढवण्यापलीकडे मी काय करणार? ती घरघर ऐकून तर सगळ्यांची खात्रीच पटली की मी म्हातारा झालो.

काकाने फोनवर सांगितले, "आठ वर्षं झाली त्याला. नवं कार्ड टाका, नाहीतर विकून मोकळे व्हा." बाबा रोज एक ठरवायचे आणि दुसऱ्या दिवशी फिरवायचे. नवे कार्ड आणले असते, तर तेही जुन्यासारखेच माझ्या पोटात बसून राहिले असते!

बिट्टीने मात्र वेगळाच अर्थ काढला. "माझंच जंगल जड झालंय," ती म्हणाली, आणि झाडे तोडायला लागली. आधी टेकडीवरची, मग ओढ्याकाठची. जागा हवी म्हणून खेळाच्या जुन्या प्रतीही पुसल्या. तीन आठवड्यांचे ते पान तिने शेकडो झाडांवरून माझ्याच हातांनी पुसून टाकले. मला फार वाईट वाटले.

शेवटी विकायचे ठरले. मला बघायला एक बाई आल्या. लिफ्ट दुरुस्त करण्याचे काम त्यांचे. सुटीत गेम खेळायला त्यांना मी हवा होतो. बिट्टीने जड मनाने उरलेले जंगल उघडून दाखवले. ते नेहमीसारखेच अडखळले. बाईंनी पडद्याकडे फारसे बघितलेच नाही. त्या सवयीने खाली वाकल्या आणि माझ्या पाठीवर बॅटरी मारली.

"मास्तर, ही वायर कोणी लावली?"

"मीच. का हो ताई, सैल आहे का?"

"घट्ट आहे, पण चुकीच्या जागी. कार्ड खाली आहे तुमचं." त्यांनी वायर काढली आणि एक जागा खाली लावली.

मित्रांनो, काय सांगू! कार्ड जागे झाले. पाने सळसळली, ओढा वाहू लागला, कासव तुरूतुरू निघाले. बाई बिट्टीकडे वळून म्हणाल्या, "हे तू केलंस? मग हा विकू नका. मला हवा होता, पण नकाच विकू."

बाबा मात्र टेकडीकडे बघत होते. "इथली झाडं कुठं गेली गं?"

"तोडली मी. अडकत होतं ना."

बाबांचा चेहरा पडला. "चूक माझी, आणि झाडं तुझी गेली," ते म्हणाले. बिट्टीने खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "बसा बाबा. एक तुम्ही लावा."

त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माऊस धरला. तो भलतीकडेच सरकला आणि झाड लागले नेमके ओढ्याच्या मधोमध. बिट्टी हसली, पण तिने ते हलवले नाही. मी ते जीव ओतून काढतो आहे.

मित्रांनो, आम्ही मुके. अडखळलो तर म्हातारे म्हणण्याआधी एकदा वाकून आमच्या पाठीकडे बघा. आणि तुम्ही जीव लावून केलेले काही अडखळू लागले, तर लगेच त्याच्यावर कुऱ्हाड चालवू नका. बिट्टीने आठशे झाडे तोडली. दोष त्यांतल्या एकाही झाडाचा नव्हता.