एका फाइलीत दोघी

रोज दुपारी तीनच्या सुमाराला मला ताप यायचा. इतका वेळेवर, की आमच्या दुकानाचे मास्तर घड्याळाऐवजी माझ्याकडे बघायचे. "ताईंचे डोळे लाल झाले, चहा सांगा," म्हणायचे. सुरुवातीला मीही हसायचे.

दुकान कपडे दुरुस्तीचं. नवीन काही शिवत नाही. पँट आखूड कर, चेन बदल, पोट सुटलेल्याचा कोट उसवून सैल कर, असली कामं. सतरा वर्षं मी तिथे हातशिलाई करते. ताप सुरू झाला त्याच महिन्यात सकाळी बोटं उघडेनाशी झाली. कोमट पाण्यात पंजे बुडवून बसायचं, मग एकेक बोट सुटं व्हायचं. तोंडात फोड आले. जिना चढताना मध्ये बसावं लागायला लागलं. एकदा तर एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एकच पाय मी दोनदा आखूड केला. तो म्हणाला, "बाई, माझे दोन्ही पाय सारखे आहेत हो." मास्तरांनी त्याला नवीन पँट घेऊन दिली आणि मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

विमा मास्तरांच्या दुकानात नाही. आमचे हे घरं रंगवतात, तिथेही नाही. सरकारी दवाखान्यात एकदा गेले, तर तापाच्या गोळ्या मिळाल्या आणि तपासण्यांसाठी चार महिन्यांनंतरची तारीख. खासगीतल्या तपासण्यांची यादी वाचून हे भिंतीला टेकून बसले. मग म्हणाले, "आपण घर विकू."

"अहो, घर भाड्याचं आहे."

"हो, तेही आहेच," म्हणाले.

मग धाकटीने तिचं कार्ड काढलं.

धाकटी म्हणजे माझी बहीण, दोन वर्षांनी लहान. एका मोठ्या कंपनीत फायली सांभाळते. तिला कंपनीचा विमा आहे. त्यात ती बसते, तिचा नवरा बसतो, आईवडील असते तर तेही बसले असते. बहीण बसत नाही. तिच्या नवऱ्याचं हृदय औषधांवर चालतं, आणि ती सगळी औषधं त्याच कार्डावर येतात.

"हा फोटो बघ," ती म्हणाली. "ह्यात मी कुठे दिसतेय? ह्यात आपला मामासुद्धा खपून जाईल."

"आणि पकडलं तर?"

"तर चक्कर येऊन पडायचं. तेवढं तर तुला आता न शिकवता येतं."

तिने माझी तयारी करून घेतली. तिची जन्मतारीख, तिची सही, तिच्या घराचा पत्ता. तिचा नवरा कागदावर माझा नवरा झाला. आमच्या ह्यांनी ते ऐकून फक्त विचारलं, "मग मी कोण?" धाकटी म्हणाली, "तुम्ही दीर." मी दोन वर्षांनी तरुण झाले, एवढाच काय तो त्या आजारात माझा फायदा.

फेब्रुवारीपासून मी त्या काचेच्या दवाखान्यात धाकटी बनून जायला लागले. नावाचा पुकारा झाला की मला उठायला एक क्षण उशीर व्हायचा. तिथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, खरंच चांगल्या. बोटं स्वतःच्या हातात घेऊन दाबून बघायच्या. दर महिन्याला रक्त काढायच्या, कागदावर डोळे बारीक करायच्या आणि म्हणायच्या, "नक्की सांगता येत नाही अजून. पण शोधू आपण." त्या 'आपण'वर मी महिना काढायचे. शेवटी त्या म्हणाल्या, हाडातून नमुना घेऊन एक मोठी तपासणी करू, म्हणजे उलगडा होईल. विमा कंपनीकडे मंजुरीला पाठवते.

ऑगस्टमध्ये त्यांनी मला समोर बसवलं आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

"मंजुरी आली नाही," त्या म्हणाल्या. "आणि खरं सांगू? त्यांचं चूकही नाही. हे बघा. एप्रिलमध्ये रक्त कमी. मेमध्ये त्याहून कमी. आणि जूनमध्ये सगळं उत्तम! रक्त, मूत्रपिंड, सगळं. काहीही औषध नसताना. जुलैत पुन्हा खाली. असा आजार मी तरी पाहिलेला नाही."

मी जूनच्या रकान्याकडे बघत राहिले.

"वजनसुद्धा जूनमध्ये अकरा किलो जास्त लागलंय. काटा बिघडला असेल, ते सोडा. पण रक्त खोटं बोलत नाही." त्या पुढे झुकल्या. "घरी काही ताण आहे का? मन दुखलं की शरीर बोलतं कधी कधी. मी एका समुपदेशक बाईंचं नाव देते. तपासण्या सध्या थांबवू."

जून. जूनमध्ये धाकटीच्या कंपनीची वार्षिक तपासणी असते. कंपनी सगळ्यांना इथेच पाठवते. त्या महिन्यात दुकानात गर्दी होती, माझी खेप चुकली होती. त्या दिवशी तिने मला फोन करून सांगितलंही होतं, "रक्त काढताना तुझी आठवण आली गं, केवढी मोठी सुई वापरतात." आणि मी म्हटलं होतं, "तुझं काय, तू एका सुईत सुटलीस." मधल्या एका दिवशी खरी धाकटीच तिथे जाऊन आली होती आणि आमच्या दोघींपैकी एकीच्याही डोक्यात प्रकाश पडला नव्हता. सही पाठ केली, पत्ता पाठ केला. जिचं कार्ड तीसुद्धा कधी आजारी पडेल, तपासायला जाईल, हे राहूनच गेलं.

मी तोंड उघडलं. पुढे काय बोलणार? की तो जून माझा नाही? मग मी कोण? मी तोंड मिटलं. डॉक्टरीणबाईंना वाटलं मी रडतेय, त्यांनी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला. म्हणजे मन दुखल्याचा पुरावाही मीच दिला.

तशीच धाकटीकडे गेले. ती भाजी निवडत होती. मी सांगितलं तशी तिचे हात थांबले.

"सतरा जणांच्या फायली लावते मी, ताई," ती म्हणाली. "एकाचा कागद दुसऱ्याच्या फाइलीत गेला तर हाताखालच्या पोरींना रडवते. आणि स्वतःची..."

"त्यांना सांगू या. बाई चांगल्या आहेत."

"चांगल्या आहेत म्हणून काय लपवतील? त्यांना लिहावं लागेल. विम्याची फसवणूक म्हणतात ह्याला. नोकरी जाईल माझी. नोकरी गेली की कार्ड गेलं." तिने आतल्या खोलीकडे बघितलं. आत तिचा नवरा झोपला होता, त्याचा श्वास बाहेरपर्यंत ऐकू येत होता. "मी कसं निवडू गं? तूच सांग, कसं निवडू?"

"तू नको निवडू. मी जात नाही तिथे आता. झालं."

"आणि मग?"

"मग बघू."

"बघू काय? सिनेमा आहे का?" ती ओरडली आणि लगेच आतल्या खोलीकडे बघून तोंडावर हात ठेवला. मग तसाच हात ठेवून रडली. मी तिची भाजी निवडून दिली. बोटं वळत नव्हती, चांगली पानंही कचऱ्यात गेली.

त्यानंतर तीन आठवडे मी स्वतःला समजावलं की सगळं मनाचं आहे. डॉक्टरच म्हणतात म्हटल्यावर असेलही. माहीत होतं की जून माझा नाही, तरीसुद्धा. ताप आला की म्हणायचे, ये बाबा, तू खोटा आहेस. पावलं सुजली, चपलेत मावेनात, तर ह्यांची चप्पल घालून कामाला गेले. एके दिवशी सुईत दोरा ओवता ओवता टेबलाची कड माझ्याकडे येताना दिसली. पुढचं आठवत नाही.

मास्तरांनी दुकान बंद करून मला धर्मादाय दवाखान्यात नेलं आणि धाकटीला फोन केला. ह्यांचं काम त्या दिवशी गावाबाहेर होतं. ती ऑफिसमधून धावत आली, खांद्याला पिशवी, श्वास लागलेला. तिथे तरुण डॉक्टर होता, डोळ्यांत झोप. खाटेच्या कडेला टेकून त्याने फॉर्म भरायला घेतला.

"किती दिवसांपासून?"

"आठ-नऊ महिने."

"याआधी कुठे दाखवलंत?"

मी धाकटीकडे बघितलं नाही. "कुठेच नाही."

त्याने पेन ठेवलं. "नऊ महिने? ताप, सूज, सगळं असताना? कमाल करता तुम्ही बायका. सगळं अंगावर काढायचं, आणि उचलून आणायची वेळ आली की आमच्याकडे."

मी मान हलवली. हो म्हटलं. तेही सोसलं असतं.

"नाही काढलं हो तिने अंगावर!" धाकटी इतक्या जोरात बोलली की शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. "दर महिन्याला जात होती. अंगात ताप घेऊन जात होती. माझ्या नावाने. माझ्या कार्डावर. मीच पाठवली."

मी तिचा दंड धरून दाबला. "गप बस. डॉक्टर, हिला काही कळत नाही."

"तू गप बस, ताई." तिने पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून खाटेवर ठेवला. तिने दवाखान्यातून सगळ्या प्रती कधी आणल्या आणि किती दिवस घेऊन फिरत होती, मला माहीत नाही. "ह्यात दोघी आहोत. आधी निवडावं लागेल."

डॉक्टर आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिला. मला वाटलं, आता उठेल, कुणाला तरी बोलावेल. त्याने पहिला कागद उचलला, वरची नावाची पट्टी मागे दुमडली आणि नखाने घडी घातली. "मला फक्त आकडे बघायचेत," तो म्हणाला. "ह्यांचे कोणते?"

धाकटीने भराभर कागद वेगळे केले. जूनचा काढून परत पिशवीत घातला. मागच्या वर्षीचा काढला. उरलेले तिने महिन्याप्रमाणे लावले, तिच्या ऑफिसात लावते तसे, कडा जुळवून. तो एकेक पट्टी दुमडत वाचत गेला. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे, जुलै. मधली अडचण गेली होती. त्याच्या चेहऱ्यावरची झोपही गेली. शेवटचा कागद वाचून त्याने पुन्हा पहिला उचलला.

"हे तर एकसारखं खाली चाललंय," तो म्हणाला. "दर महिन्याला. मूत्रपिंडं तर... ह्यांना आजच्या आज भरती करायला हवं होतं, म्हणजे, मे महिन्यातच."

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. माझ्या आजाराला कुणीतरी आजार म्हटलं होतं. मी वेडी नव्हते, रडकी नव्हते. मी मास्तरांकडे बघून हसलेसुद्धा, बघा, म्हटलं होतं ना मी! मास्तर खाली बघत होते.

मग मी धाकटीकडे बघितलं. ती डॉक्टरकडे बघत होती, त्याचं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं व्हायची वाट बघत. तिचा चेहरा बघितला तेव्हा कुठे मला कळलं, तो काय म्हणाला ते.