वाकळीतले दोन तोळे

गलाईवाल्याच्या घरात कचरा नावाची गोष्ट नसते. सोनाराच्या दुकानातला केर हा माणूस पैसे मोजून विकत घेतो. तो केर जाळतो, धुतो, मुशीत घालून भट्टीवर ठेवतो आणि शेवटी मुशीच्या बुडातून मोहरीएवढा पिवळा मणी काढून दाखवतो. पायपुसणं फाटलं तर तेही जाळायचं. हात धुतलेलं पाणी ओतून द्यायचं नाही, पिंपात साठवायचं. अंगातली बंडी विरली तर बोहारणीला द्यायची नाही, दिवाळीच्या आधी भट्टीत घालायची. विट्याच्या आसपासच्या गावांतून पोटासाठी दूर मुलखात गेलेल्या माणसांनी हा धर्म इमानानं पाळला, आणि त्यांच्या बायकांनीही पाळला.

भामाबाईनं मात्र तो पुरता पाळला नव्हता, आणि ही गोष्ट तिनं एकोणतीस वर्षं नवऱ्याला कळू दिली नव्हती.

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी धोंडिराम तिला कुंभकोणमला घेऊन गेला. तिकडची भाषा म्हणजे डब्यात खडे वाजवल्यासारखी. भाकरी नाही, चुलीला ओळखीचा वास नाही. करमेना म्हणून तिनं एक वाकळ शिवायला घेतली. चिंध्या म्हणून घरात होत्या त्या धोंडिरामच्या जुन्या बंड्या आणि धोतरं. धोंडिराम दुकानातून आला, बघतो तर भट्टीत जायचे कपडे बायकोच्या मांडीवर. आधी तो चिडला, मग तिच्या तोंडाकडे बघून हसला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "दर साली एक बंडी लावत जा हिला. ही तुझी ब्यांक. मी गेल्यावर जाळ, दोन तोळं कुठं जात न्हाईत. फकस्त धुवायची न्हाई हां."

भामाबाईनं मान डोलावली. पण पुढच्या भाद्रपदात पितर संपले, घट बसायची वेळ आली, आणि तिचं मन काही धजेना. घामानं आंबलेली, सोनं शुद्ध करायच्या तेजाबाचा वास मारणारी वाकळ तशीच ठेवून घरात देवी बसवायची? सासूनं काय शिकवलं होतं? दसऱ्याच्या आधी घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर न्यायचं. धोंडिराम दुकानाला गेल्यावर तिनं वाकळ डोक्यावर घेतली, कावेरीच्या घाटावर सोडा घालून बडव बडव बडवली आणि संध्याकाळच्या आत वाळवून पुन्हा घडी घालून ठेवली. मळ जातो, सोनं कशाला जातंय, असं तिला तेव्हा खरंच वाटलं. सोनं धाग्यातनं कसं सुटतं हे तिला कळलं तोवर सहा-सात दसरे होऊन गेले होते. मग सांगायचं कोणत्या तोंडानं? आणि धुवायचं थांबवायचं तरी कसं, देवीला काय सांगणार? तिनं धुणंही सोडलं नाही आणि तोंडही उघडलं नाही. तेजाबाच्या वाफेनं नवऱ्याचं नाक कधीच मेलं होतं, सोड्याचा वास त्याला कुठला यायला! तेवढी एक गोष्ट तिच्या पथ्यावर पडली.

सोनं बाळगण्यावर बंधनं घालणारा सरकारी कायदा आला आणि धंदा बसला. पुढं धोंडिरामला खोकला जडला. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी त्यानं दुकानातला आपला हिस्सा पुतण्याच्या, राजारामच्या, हवाली केला आणि दोघं गावी परत आली. मूलबाळ नव्हतं. निघण्याआधी धोंडिरामनं एका संध्याकाळी सगळा हिशेब तिला तोंडानं समजावून सांगितला होता. घरभाडं नाही, जोंधळे वाट्याच्या रानातले, पाणी आडाचं, हवा कोरडी, छातीला चांगली. आपल्या गावात आपल्याला खर्च कसला?

गावात उतरल्यापासून खर्चाशिवाय दुसरं काही दिसलं नाही. बाहेरून आलेल्या गलाईवाल्याच्या बोचक्यात सोन्याच्या विटा असतात, याबद्दल गावाला तिळमात्र शंका नव्हती. गवंड्यानं भिंतीचे दुप्पट सांगितले. सुतारानं दाराला हात लावायच्या आधी उचल मागितली. शेजारची हरणाबाई साऱ्या आळीला ज्या भावानं दूध घालायची, त्यावर यांना लिटरमागं तीस पैसे चढवायची आणि वर म्हणायची, "तुमास्नी काय कमी हाय, वैनी? तुमचा केरबी सोन्याचा!" तिकडं जन्मभर ज्यांना 'मराठीवाले' म्हणून ओळखत ते इकडे 'मद्राशी' झाले. खोकल्यावर भामाबाई मिऱ्यांचं सार करायची, त्यालाही बायका नाकं मुरडायच्या. कुंभकोणमला दोन गल्ल्या पलीकडे एक म्हातारा डॉक्टर होता, दोन रुपयांत औषध द्यायचा आणि घरी येऊन नाडी बघायचा. इथं साधा ताप आला तरी विट्याला जा, तिथला म्हणणार सांगलीला जा. एस्टीचं भाडं, खानावळ, परत भाडं. औषध शेवटी.

दिवाळी झाली आणि खोकल्यातून रक्त पडलं. तेव्हा मात्र भामाबाईनं ऐकलं नाही, त्याला गाडीत घालून सांगलीला नेलंच.

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, खिडकीशी धरला आणि डाव्या बाजूला खाली बोट ठेवलं. "हा तुकडा नासलाय. वाफेनं केलंय हे. काढून टाकला तर बाकीचं फुप्फुस चांगलं आहे, दहा वर्षं कुठं जात नाहीत. नाही काढला, तर पुढच्या दिवाळीचं मी सांगत नाही." महिनाभर दाखल राहावं लागेल, इंजेक्शनं, रक्त, ऑपरेशन, सगळं धरून बावीसशे रुपये लागतील, असं ते म्हणाले. माणूस सरळ होता. त्यानं 'गलाईवाले' ऐकूनही आकडा वाढवला नाही.

पोस्टाच्या पुस्तकात एकतीसशे होते.

घरी येऊन धोंडिरामनं हातपाय धुतले, देवापुढं बसला, उठला आणि म्हणाला, "न्हाई करायचं."

"का म्हनून?"

"बावीसशे गेल्यावर मागं काय ऱ्हातंय? नऊशे. साखरेचा भाव बघितलास? रॉकेलचा? नऊशांत तू किती साल काढशील? पुतण्यांच्या दारात भाकरीला हुबी ऱ्हाशील व्हय?"

"आनी तुमी?"

"मी काय, पिकलं पान. आज ना उद्या गळायचंच."

भामाबाईला राग आला तो असा की हातातला तांब्या तिनं आदळलाच. पंचावन्न वर्षांचा माणूस आणि पिकलं पान! ही नऊशे-एकतीसशेची गणितं मांडायला त्याला कोणी सांगितली होती? ती रागानं बोलायला गेली आणि तोंडातून भलतंच बाहेर आलं.

"माझी काळजी नगा करू. माझी ब्यांक हाय न्हवं? वाकळ हाय की!"

बोलून गेली आणि तिचा तिलाच घाम फुटला. याच भाद्रपदात तिनं ती वाकळ आडावर तीन पाण्यांत काढली होती.

धोंडिराम तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "खरंच की. इसरलोच हुतो मी. दोन तोळं म्हंजी आजच्या भावानं हजार-बाराशे कुठं गेलं न्हाईत. मग हरकत न्हाई." तिचा जीव भांड्यात पडतोय तोवर तो पुढं बोलला, "उद्या एक कोपरा जाळून बघू. किती निघतंय त्यावरनं सगळ्या वाकळंचा अंदाज येतो."

"कशाला उगं? धुराचा तरास हुईल तुमास्नी."

"लांब बसतो. भाता तू हाण."

रात्रभर भामाबाईला झोप नव्हती. सकाळी तिनं अमावास्येचं निमित्त काढलं, धोंडिराम म्हणाला अमावास्या परवा. कोळसे ओले आहेत म्हणाली, तो म्हणाला हरणाबाईकडून आण. हरणाबाईनं कोळशांचेही पैसे लावले. शेवटी अंगणात शेगडी पेटली. धोंडिरामनं पेटीतून मूस काढली, सवागीची, म्हणजे टाकणखाराची, पुडी काढली, कात्रीनं वाकळीचा वीतभर कोपरा कापला. कापताना त्याचा हात जरा अडला, तिनं बघितलं. कोपरा लोखंडी तव्यात जळून राख झाला. राख मुशीत, वर सवागी, मूस विस्तवात.

"हाण," तो म्हणाला.

भामाबाई भाता हाणायला लागली. आता सांगावं, असं तिला दर फुंकीला वाटत होतं. आवं, मी धुतलीया ती. एकदा न्हाई, तीस येळा. यात काय न्हाई. पण सांगितलं की तो मूस उतरवणार, पेटी बंद करणार आणि ओसरीवर जाऊन खोकत बसणार, पुढच्या दिवाळीपर्यंत. आणि नाही सांगितलं तरी दहा मिनिटांत मूस सांगणारच होती. मूस कुणाची भीड ठेवत नाही. म्हणून ती नुसती हाणत राहिली, जणू वाऱ्याच्या जोरानं नसलेलं सोनं येणार होतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते धुराच्या नावावर खपलं.

धोंडिरामनं सांडशीनं मूस उचलली आणि फरशीवर ओतली. हिरवट काचेचा एक ठिपका पडला. निवल्यावर त्यानं तो फोडला, चिमटीत धरून उन्हाकडे केला, या बाजूनं, त्या बाजूनं. जन्मात त्यानं कुठल्या सोनाराला खोटं वजन सांगितलं नव्हतं. कुंभकोणमच्या सराफकट्ट्यावर भांडणं व्हायची तेव्हा लोक म्हणायचे, मराठीवाल्याला विचारा, तो सांगेल ते खरं. भामाबाई त्याच्या तोंडाकडे बघायचं धाडस करेना, ती त्याच्या बोटांकडे बघत होती.

"दोन तोळं," धोंडिराम म्हणाला. "वर चार गुंजाबी निघतील."

त्यानं काचेचा चुरा राखेत टाकला. राख उकिरड्यावर ओतली. गलाईवाल्यानं राख ओतून दिली! भामाबाईनं ते बघितलं, पण त्या घटकेला तिला एकच गोष्ट कळत होती, की हा माणूस चुकला, उतारवयात नजर दगा देते, देवीनं लाज राखली.

"पिशवी भर," तो म्हणाला. "उद्याच्या पहिल्या गाडीनं जाऊ सांगलीला."

ऑपरेशन झालं. तीन दिवस भामाबाई वॉर्डाच्या बाहेर बाकड्यावर बसून होती, चौथ्या दिवशी तिला आत सोडलं. धोंडिरामचं तोंड पांढरं पडलं होतं, पण श्वासाची घरघर गेली होती. इतक्या वर्षांची ती घरघर नसल्यामुळं जवळ बसून तिला आधी भीतीच वाटली. त्याला हुडहुडी भरली तशी तिनं पिशवीतून वाकळ काढून अंगावर घातली. कापलेल्या कोपऱ्याला तिनं आपल्या जुन्या लुगड्याचं ठिगळ लावलं होतं.

नर्सबाई आल्या आणि कपाळाला हात लावला. "अहो आजी, असलं मळकट पांघरूण इथं चालत नाही. न्या ते."

धोंडिरामनं कष्टानं मान वळवली. आवाज खोल गेला होता, पण शब्द स्पष्ट होते. "मळकट न्हाई, बाई. दर दसऱ्याला सोडा घालून धुती ही."

नर्सबाई हसून पुढच्या खाटेकडे गेल्या. भामाबाई त्याच्या उशाशी वाकली.

"कवापास्नं ठावं हाय तुमास्नी?"

"पैल्या सालापास्नं. नाक गेलंय माझं, अंग न्हाई. धुतली की वाकळ आठ दिस हलकी लागायची. जन्म काट्यावर गेला, मला वजन कळत न्हाई व्हय?"

"मग बोलला का न्हाई?"

"तुला देवी पायजे हुती. मी म्हनलं, करू दे. ब्यांकंचं मी बघून घीन. ते काय जमलं न्हाई."

"आनी कोपरा? त्यो कशापायी जाळला?"

धोंडिरामनं डोळे मिटले. मग तो थांबत थांबत बोलला. "म्हनलं, आता तरी सांगशील. तर तू आपली भाता हाणतीयास. रडतीयास आनी हाणतीयास. माझ्या मनात आलं, ही बाई एवढं खोटं बोलून मला जगवाया बघती, तर जगावं की. म्हून मीबी एकदा खोटं वजन सांगितलं."

भामाबाईनं पदर तोंडाला लावला. रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि वॉर्डात दोन्हींची सोय नव्हती. तिनं वाकळीखालून त्याचा हात शोधला. तेजाबानं जळून निबर झालेली ती बोटं ऊन होती.

"आता नऊशे ऱ्हायलं गं," तो म्हणाला. "तुझ्या ब्यांकंचं काय?"

"माझी ब्यांक बोलतीया लय," ती म्हणाली. "डॉक्टर गप ऱ्हावा म्हणालेत. आनी घरला गेल्यावर हरणाबाईला सांगनार हाय मी, आमच्या वाकळंत काय न्हाई, दूध आळीच्या भावानं घाल."

तो हसायला गेला आणि टाके ओढले तसं 'आई गं' म्हणाला. भामाबाईनं वाकळ त्याच्या गळ्यापर्यंत ओढली, ठिगळाचा कोपरा नीट खाली खोचला आणि तो झोपेपर्यंत हात सोडला नाही.